लोडो फान हामेल, हॉलंडमध्ये हवाई छत्रीने उतरलेला पहिला डच हेर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या डच प्रतिकाराबद्दल लिहायला लागल्यापासून एका माणसाविषयी सर्वांत जास्त विचारणा होते. त्यांचं नाव लोडो फान हामेल. त्यांच्या कामाचा काळ जेमतेम सात आठवड्यांचा, आणि शेवट गोळीबार पथकासमोर. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लोडो फान हामेल कोण होते?

डच नौदलातले तरुण अधिकारी. पूर्ण नाव लोडेवेइक आने रिन्से येत्से फान हामेल, जन्म १९१५, गाव नार्डन. घराणं कायदेपंडितांचं होतं. वडील योस्ट आद्रियान फान हामेल हे नावाजलेले विधिज्ञ, आणि १९२० च्या दशकात त्यांनी राष्ट्रसंघाचे उच्चायुक्त म्हणून डान्झिग शहरात काम केलं होतं. जर्मनी आणि पोलंड यांच्यात सतत धुमसणाऱ्या त्या शहराचा कारभार पाहिलेल्या माणसाच्या मुलाला जर्मन राष्ट्रवाद ही ऐकीव गोष्ट नव्हती, असं मला वाटतं.

मे १९४० मध्ये हॉलंड पडल्यावर फान हामेल इंग्लंडला पोचले आणि ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा मायदेशी परतले, रात्रीच्या अंधारात, विमानातून उडी मारून. लंडनहून हॉलंडमध्ये पाठवलेले ते पहिले डच गुप्तहेर. १६ जून १९४१ रोजी, वयाच्या २६ व्या वर्षी, जर्मनांनी हेगजवळच्या वाल्सडॉर्पच्या माळावर त्यांना गोळ्या घातल्या. त्यांना मरणोत्तर ‘मिलिटरी विल्यम ऑर्डर’ हा नेदरलँड्सचा सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

२. राणी आणि सरकार लंडनला पळून गेले होते ना? मग हे काम कोणासाठी?

‘पळून गेले’ हा शब्द तेव्हाही कित्येक डच लोकांच्या तोंडी होता, त्यामुळे प्रश्न रास्त आहे. जर्मन फौजा १० मे १९४० रोजी घुसल्या. १३ मे रोजी राणी विल्हेल्मिना ब्रिटिश युद्धनौकेवर चढल्या तेव्हा त्यांना देशाच्याच नैऋत्येला, झीलंड प्रांतात जायचं होतं. ते शक्य झालं नाही आणि नौकेने त्यांना इंग्लंडच्या किनाऱ्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमवर बॉम्ब पडले, शहराचा मध्यभाग जळून गेला आणि सैन्याने शस्त्रं खाली ठेवली.

राणीने मात्र शस्त्रं ठेवली नाहीत. विजनवासातलं सरकार लंडनमध्ये बसलं आणि २८ जुलैपासून ‘रेडिओ ओरान्ये’चं प्रसारण सुरू झालं. त्याच जुलैत फ्रांस्वा फान ’त सांट या माजी पोलीसप्रमुखाच्या हाताखाली एक लहानसं गुप्तवार्ता कार्यालय उघडलं. फान हामेल यांची निवड या कार्यालयाने केली. विमान, प्रशिक्षण आणि यंत्रसामग्री ब्रिटिश हेरखात्याची होती.

३. एवढी घाई का? ब्रिटिशांचे हेर हॉलंडमध्ये आधीपासून नव्हते का?

होते, पण ते जाळं युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात फाटलं. ९ नोव्हेंबर १९३९ रोजी, हॉलंड अजून तटस्थ असताना, जर्मन सीमेला लागून असलेल्या फेन्लो गावाजवळ दोन ब्रिटिश हेर अधिकाऱ्यांना एका भेटीसाठी बोलावलं गेलं. समोरचे लोक हिटलरविरोधी जर्मन अधिकारी आहेत अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात ते नाझी गुप्तचर खात्याचे होते. दोघांना सीमेपलीकडे ओढून नेण्यात आलं आणि सोबतचे डच अधिकारी डिर्क क्लोप गोळी लागून मरण पावले. त्या दोघांना जे माहीत होतं ते सगळं आता जर्मनांपासून सुरक्षित राहिलेलं नव्हतं. सहा महिन्यांनी देश पडला तेव्हा लंडनला तिथलं काही दिसेनासं झालं.

आणि नेमक्या त्याच उन्हाळ्यात दिसणं सर्वांत गरजेचं होतं. इंग्लंडवर स्वारी करण्यासाठी जर्मनांनी ऱ्हाइन नदीतले आणि कालव्यांतले सपाट तळाचे तराफे जमवायला घेतले होते. त्यांची संख्या दोन हजारांच्या वर गेली. त्यातले बरेच डच बंदरांत उभे होते. कुठे किती, कधी हलणार, कुठल्या विमानतळावर काय उतरलंय, हे विमानातून काढलेल्या छायाचित्रांत अर्धंच कळतं. उरलेलं अर्धं जमिनीवरच्या माणसाने सांगावं लागतं. फान हामेल २७ आणि २८ ऑगस्टच्या मधल्या रात्री उतरले, म्हणजे ब्रिटनची हवाई लढाई ऐन भरात असताना.

४. एकटा माणूस सात आठवड्यांत अशी किती माहिती गोळा करणार?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फान हामेल यांनी स्वतः बंदरावर उभं राहून जहाजं मोजावीत अशी अपेक्षा मुळात नव्हतीच. त्यांचं काम होतं विश्वासातली माणसं शोधणं, त्यांचे छोटे गट बांधणं, त्या गटांना बिनतारी संदेशयंत्राची जोड देणं आणि माहितीचा ओघ आपल्यावाचूनही चालू राहील अशी सोय करणं. हे सगळं त्यांनी अशा देशात केलं जिथे लपायला डोंगर नाही, दाट जंगल नाही, लोकवस्ती खच्चून भरलेली आहे, आणि समुद्रकिनाऱ्यावर शत्रूचा पहारा आहे. फ्रान्स किंवा युगोस्लाव्हियातल्या प्रतिकाराच्या कथा वाचून आलेल्या वाचकाने हा भूगोल आधी डोळ्यांसमोर आणावा. सपाट माळ, सरळ रेषेत गेलेले कालवे आणि मैलभर लांबून दिसणारा सायकलस्वार.

यंत्राचा धोका वेगळाच. मोर्स संकेतांच्या टकटकीतून संदेश पाठवायला वेळ लागतो, आणि जितका वेळ यंत्र चालू तितकी ते कुठे आहे हे शोधणाऱ्या जर्मन गाड्या जवळ येतात. म्हणून संदेश तोकडा हवा, जागा बदलती हवी. शिवाय नकाशा, आराखडा, रेखाचित्र मोर्समध्ये मावत नाही. ते हातोहात न्यावं लागतं. पुढे १९४२ पासून सूक्ष्मफिती स्वित्झर्लंडमार्गे जाऊ लागल्या. जिनेव्हात विलेम फिसर ’त होफ्त हे डच धर्मशास्त्रज्ञ ती वाट सांभाळत. १९४० च्या शरद ऋतूत मात्र अशी कुठलीच वाट नव्हती. जमवलेलं घेऊन माणसानेच परत जायचं होतं, आणि तिथेच घात झाला (प्रश्न ५).

५. ते पकडले कसे गेले?

परतीसाठी ठरलेली जागा होती फ्रीसलंड प्रांतातलं च्योकेमेर हे मोठं तळं. पाण्यावर उतरणारं डच नौदलाचं विमान इंग्लंडहून येणार आणि रात्री त्यांना उचलून नेणार, असा बेत. सोबत चौघे होते: जाँ मेस्रिट्स आणि हान्स हेर्स हे तरुण साथीदार, मारियोन स्मिट आणि लायडनचे एक प्राध्यापक (प्रश्न ७). ठरलेल्या रात्री विमान उतरू शकलं नाही. ऑक्टोबरच्या थंडीत, सहलीचा हंगाम संपल्यावर, शहरी पेहरावातली पाच माणसं तळ्याकाठी मुक्काम लांबवत आहेत, हे खेड्यात कोणाच्या नजरेतून सुटणार? १४ ऑक्टोबरला सगळे ताब्यात घेतले गेले.

‘फितुरी झाली का’ हे अनेकजण विचारतात. माझ्या मते या घटनेला मोठ्या फितुरीच्या कथेची गरज नाही. वाट एकच होती, तिचं वेळापत्रक हवामानाच्या हाती होतं, आणि थांबण्याची जागा उघडी होती. तशात एक रात्र फुकट गेली की पुढचं विपरीत घडायला फार काही लागत नाही.

६. मग ते विमान आलंच नाही का?

आलं, आणि तो प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे. अटकेनंतर, १५ आणि १६ ऑक्टोबरच्या मधल्या रात्री, वैमानिक हाये स्खापर यांनी आपलं फोक्कर विमान च्योकेमेरवर उतरवलं. आपली माणसं कधीच पकडली गेली आहेत याची त्यांना कल्पना नव्हती. खालून खुणेचा दिवा दिसला. तो जर्मनांनी लावला होता. जवळ येताच प्रकाशझोत आणि गोळीबार सुरू झाला. स्खापर यांनी पाण्यावरूनच वेग घेतला आणि गोळ्यांनी चाळण झालेलं विमान इंग्लंडला परत नेलं. त्यांनाही मिलिटरी विल्यम ऑर्डर मिळाली, आणि युद्धानंतर ते डच हवाई दलाचे प्रमुख झाले.

७. तळ्यावर सोबत असलेले प्राध्यापक कोण? त्यांचा हेरगिरीशी काय संबंध?

लौरेन्स बास बेकिंग, लायडन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेल्या वाचकांना हे नाव ऐकून माहीत असेल: ‘सगळे जीव सगळीकडे असतात, निवड मात्र परिस्थिती करते’ हे १९३४ चं प्रसिद्ध तत्त्व त्यांचंच. जावा बेटावरच्या बाउटेन्झोर्ख वनस्पती उद्यानाची जबाबदारी त्यांच्याकडे होती, पण युद्ध पेटलं तेव्हा ते हॉलंडमध्ये अडकले. बाहेर पडणं ही त्यांची निकड होती. युद्ध संपेपर्यंत ते जिवंत राहिले. जाँ मेस्रिट्स मात्र जर्मन कैदेतून परतले नाहीत.

८. ते नौदलाचे अधिकारी होते. मग त्यांना युद्धकैदी का मानलं नाही? गोळ्या घालणं कायदेशीर होतं का?

कायद्याच्या विद्यार्थ्यांकडून येणारा प्रश्न. १९०७ च्या हेग नियमावलीनुसार गणवेशातला सैनिक पकडला गेला तर तो युद्धकैदी. वेश बदलून, लपतछपत शत्रूच्या ताब्यातल्या भागात माहिती काढणारा हा हेर, मग त्याचा हुद्दा काहीही असो. हेराला खटल्याशिवाय शिक्षा करता येत नाही, असं ती नियमावली बजावते, पण खटला चालवून मृत्युदंड देण्याला ती आडवी येत नाही. फान हामेल साध्या कपड्यांत होते. जर्मन लष्करी न्यायालयात त्यांच्यावर खटला चालला आणि मृत्युदंड झाला.

याच नियमावलीत एक चमत्कारिक अपवाद आहे. हेर एकदा आपल्या सैन्यात सुखरूप परतला, आणि नंतर गणवेशात पकडला गेला, तर आधीच्या हेरगिरीबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. म्हणजे स्खापर यांचं विमान अटकेआधी उतरतं, तर फान हामेल यांच्या डोक्यावरचा हेरगिरीचा आरोपच निकाली निघाला असता.

एक फरक लक्षात ठेवावा. पुढच्या वर्षांत, विशेषतः १९४४ पासून, जर्मनांनी शेकडो डच कैद्यांना कुठलाही खटला न चालवता सूड म्हणून रस्त्यांवर गोळ्या घातल्या. त्याला कुठल्याच नियमावलीचा आधार नव्हता. फान हामेल यांचं प्रकरण त्या यादीत बसत नाही.

९. थोडक्यात ते अयशस्वी ठरले. मग सर्वोच्च सन्मान कशासाठी?

हा प्रश्न अनेकदा थोड्या खोचक सुरात येतो. मी त्याला मनापासून उत्तर देतो, कारण हेराच्या कामाचं मोल आपण चुकीच्या जागी शोधतो असं मला ठामपणे वाटतं.

सैनिकाचं शौर्य दिसतं. पूल उडाला, चौकी जिंकली, साथीदाराला खांद्यावरून आणलं. माहिती गोळा करणाऱ्याच्या बाबतीत दिसावं असं काही नसतंच. त्याने उभारलेला गट पकडला गेला नाही, हीच त्याची कामगिरी. फान हामेल आठ महिने कैदेत होते. चौकशी करणाऱ्यांना हवी होती ती नावं: यंत्र कोणाकडे, घर कोणाचं, माहिती आणतं कोण. ती त्यांनी दिली नाहीत. पहिला माणूस पकडला गेल्यावर सगळी साखळी घरंगळत जाते हे १९४२ नंतर हॉलंडने भयानक रीतीने अनुभवलं (प्रश्न १२). त्या पार्श्वभूमीवर आठ महिन्यांचं ते मौन मोजून पाहा.

दुसरं असं की, ते पहिले होते. कुठल्याही अनुभवाचा आधार नाही, स्वागताला उभी असलेली माणसं नाहीत, लपायची ठरलेली घरं नाहीत. १९४४ मध्ये उडी मारणाऱ्या हेराच्या मागे चार वर्षांत घडलेल्या चुकांचं शहाणपण असायचं. फान हामेल यांच्यापाशी ते असणं शक्यच नव्हतं.

१०. मिलिटरी विल्यम ऑर्डर म्हणजे आपल्या परमवीर चक्रासारखं का? ते फक्त सैनिकांनाच मिळतं का?

मान तेवढाच, रचना वेगळी. राजा विल्यम पहिला याने ३० एप्रिल १८१५ रोजी, वॉटर्लूच्या लढाईच्या काही आठवडे आधी, हा सन्मान सुरू केला. त्याचं ब्रीद धैर्य, विवेक आणि निष्ठा या तीन शब्दांचं आहे. यात चार श्रेणी असतात आणि मिळवणाऱ्याला सरदारकी मिळते. बहुतेकांना चौथी श्रेणीच मिळते, तिला कमी लेखू नये.

नाव लष्करी असलं तरी दार फक्त सैनिकांसाठी उघडं नाही, आणि प्रतिकारातल्या हेरांची यादी पाहिली की हे पटतं. योस खेमेके या तरुणीचं उदाहरण घ्या. भूमिगत वृत्तपत्रांची ने-आण करणाऱ्या या मुलीने १९४४ च्या उत्तरार्धात कपड्यांच्या खांद्यांत शिवलेल्या सूक्ष्मफिती जर्मन रांगा ओलांडून दक्षिणेतल्या मुक्त भागात पोचवल्या. मग इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेऊन मार्च १९४५ मध्ये छत्रीने पुन्हा व्याप्त हॉलंडमध्ये उतरली. तिलाही हाच सन्मान मिळाला.

तसेच बीसबोसचे नावाडी. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात दक्षिण हॉलंड मुक्त आणि उत्तर अजून व्याप्त अशी स्थिती होती. मधल्या बीसबोस या पाणथळ, खाड्या-लव्हाळ्यांनी भरलेल्या प्रदेशातून २१ जणांनी वल्ह्यांच्या होड्यांतून एकूण ३७४ फेऱ्या केल्या. माहितीची पाकिटं दक्षिणेला आणायची, औषधं उत्तरेला न्यायची, सोबत वैमानिक आणि सैनिक. त्यांतले आरी फान ड्रील आणि केस फान द सांडे पकडले गेले आणि ३० एप्रिल १९४५ रोजी मारले गेले. जर्मन शरणागती तेव्हा एका आठवड्यावर आली होती. दोघांना मरणोत्तर ही सरदारकी मिळाली. नकाशात बीसबोस एकदा पाहाच, म्हणजे ३७४ या आकड्याचा अर्थ कळेल.

प्रतिकारातल्या लोकांसाठी इतर सन्मानही होते: १९४४ चा ब्राँझ लायन, आणि १९४६ साली स्थापन झालेला प्रतिकार क्रॉस, जो जवळजवळ सगळ्यांना मरणोत्तरच दिला गेला.

११. ओल्या पोशाखाखाली टक्सिडो घालून किनाऱ्यावर उतरलेला डच हेर तो हाच ना?

नाही. ते पेटर ताझेलार. २३ नोव्हेंबर १९४१ च्या पहाटेपूर्वी ते होडीतून स्खेवेनिंगनच्या किनाऱ्यावर उतरले. वरचा पोशाख काढला की आत पार्टीचा काळा सूट, आणि अंगावर ब्रँडी शिंपडलेली. जवळच्या हॉटेलात जर्मन अधिकाऱ्यांच्या मेजवान्या चालत, त्यातूनच झिंगून बाहेर पडलेला पाहुणा वाटावा ही युक्ती. ती चालली. ताझेलार आणि त्यांना आणून सोडणारे एरिक हाझेलहोफ रुल्फसेमा या दोघांनाही मिलिटरी विल्यम ऑर्डर मिळाली, दोघंही युद्धातून वाचले. तोवर फान हामेल यांना जाऊन पाच महिने झाले होते.

१२. फान हामेल ‘इंग्लंडश्पील’मध्ये सापडले होते का?

नाही, पण गोंधळ समजण्यासारखा आहे. इंग्लंडश्पील हा जर्मनांचा डाव मार्च १९४२ मध्ये सुरू झाला. ६ मार्चला हेगमध्ये हूब लौवर्स हा बिनतारी यंत्रचालक पकडला गेला. जर्मन अधिकारी हेरमान गिस्केस यांनी त्याला लंडनशी संपर्क चालू ठेवायला भाग पाडलं. लौवर्सने ठरलेली सुरक्षेची खूण मुद्दाम गाळली. लंडनने तिकडे लक्षच दिलं नाही. परिणामी पुढचे हेर एकामागून एक जर्मनांनी बोलावलेल्या जागी, जर्मनांच्याच हाती उतरत राहिले. पन्नासहून अधिक जण असे अडकले. सप्टेंबर १९४४ मध्ये त्यांच्यातल्या बहुतेकांना माउथहाउझेनच्या छळछावणीत ठार केलं गेलं. हे लिहिताना आजही संताप येतो, कारण खूण गाळली गेली होती आणि ती वाचणं हे लंडनचं काम होतं.

हा डाव ब्रिटिशांच्या घातपाती शाखेविरुद्ध होता. फान हामेल गुप्तवार्ता शाखेचे होते. दोन्हींची कार्यालयं, माणसं, संकेत वेगळे. १९४२ च्या अखेरीस डच सरकारने नवं गुप्तवार्ता कार्यालय उभारलं आणि त्याच्या हेरांनी ‘आल्ब्रेख्त’सारखी मोठी जाळी विणली.

१३. भारतीय वंशाच्या हेर नूर इनायत खान यांच्याशी त्यांचा काही संबंध होता का?

थेट संबंध नाही. नूर १९४३ मध्ये फ्रान्सला गेल्या, प्रश्न १२ मध्ये आलेल्या घातपाती शाखेच्या फ्रेंच विभागाकडून, यंत्रचालक म्हणून. तेव्हा फान हामेल हयात नव्हते. साम्य एकच: दोघांनी चौकशीत तोंड उघडलं नाही. इंग्लंडश्पीलशी मात्र नूर यांच्या कथेचं साम्य आहे: त्यांच्या अटकेनंतर जर्मनांनी त्यांच्या यंत्रावरूनही लंडनला फसवे संदेश पाठवले.

१४. आम्ही नेदरलँड्समध्येच राहतो. या इतिहासाशी जोडलेल्या जागा बघता येतात का?

ॲमस्टेलव्हेन आणि हेगकडच्या मराठी वाचकांसाठी हे. स्खेवेनिंगनचा ‘ओरान्ये हॉटेल’ हा तुरुंग, जिथे युद्धकाळात २५,००० हून अधिक लोक डांबले गेले, २०१९ पासून स्मारक म्हणून खुला आहे. मृत्युदंडाच्या कैद्यांची ६०१ क्रमांकाची कोठडी जशीच्या तशी ठेवली आहे. मुलांना न्यायचं असेल तर आधी थोडं सांगून न्या, भिंतींवर कैद्यांनी खरवडलेला मजकूर आहे.

तिथून जवळच, हेग आणि वासेनार यांच्यामधल्या वाळूच्या टेकड्यांत वाल्सडॉर्पचा माळ आहे. युद्धात इथे अडीचशेहून अधिक लोकांना मारलं गेलं. चार साधे क्रूस आणि एक मोठी घंटा एवढंच आहे. दर वर्षी ४ मे रोजी संध्याकाळी लोक रांगेने येतात आणि रात्री उशिरापर्यंत घंटा वाजत राहते. त्या दिवशी जायचं तर सायकलने जा आणि रांगेत बराच वेळ उभं राहायची तयारी ठेवा. च्योकेमेर तळं उत्तरेला फ्रीसलंडमध्ये आहे. ए-६ महामार्ग त्याच्यावरूनच जातो, त्यामुळे गाडीने लेउवार्डनकडे जाणाऱ्या कित्येकांनी ते नकळत पाहिलेलं असतं.